भिंतीवरची वाटी

सकाळचे आठ वाजले तरी पलीकडच्या कोंबड्या सुटल्या नव्हत्या. खुराड्यात नुसता कलकलाट चालला होता. पंचफुलाबाई, म्हणजे माझी थोरली जाऊ, साडेपाचला खुराडं उघडायची. उन्हाळा असो की पाऊस, आणि उघडताना पत्र्याच्या झाकणाचा असा आवाज करायची की माझी झोप मोडलीच पाहिजे. त्या दिवशी तो आवाज आला नाही आणि मी, खरं सांगते, मजेत लोळत राहिले. म्हटलं, बरं झालं, एक दिवस तरी म्हातारीनं सुखानं झोपू दिलं. मग उठले, चहा केला, प्यायले. आमच्या दोघींच्या अंगणात मधे एकच भिंत, माझ्या छातीएवढी. अकरा वर्षं मी तिच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे हाक मारायचा प्रश्नच नव्हता. आम्हाला काही बोलायचंच असलं तर ते कोंबड्यांच्या मार्फत. म्हणून मी भिंतीजवळ गेले आणि खुराड्याकडे तोंड करून विचारलं, "काहून वो, आज तुमची मालकीण उठली नाई का?" एरवी पलीकडून लगेच यायचं, तेही कोंबड्यांनाच, "सांगा त्या मास्तरनीले, आपलं पाहा म्हनावं." त्या दिवशी काहीच आलं नाही... तरी मी गेले नाही. भांडी घासली, केस विंचरले, दारातला कचरा लोटला. नऊ वाजता गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खाटेवर कुशीवर होती, एक हात गालाखाली. हात लावला आणि कळलं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या त्या. म्हणजे माझ्या त्या तासाभरानं काही फरक पडला नसता, एवढं मलाही कळतं. पण तो तास काही माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचाही राग मला तिचाच येतो.

पेपरच्या पुरवणीवाल्यांनी तिच्या मुलाला, प्रशांतला, सांगितलं की आईवर घरातल्या कोणीतरी लिहा. तो नागपूरला नोकरीला आहे, त्याला लिहायला वेळ नाही, त्यानं माझं नाव दिलं. "काकू, चांगलं लिहा बरं." चांगलं म्हणजे काय ते मला माहीत आहे. प्रेमळ, कष्टाळू, निसर्गावर माया करणारी. ती कष्टाळू होती, बाकी दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. अहो, पण जिवंतपणी जे बोलायचं राहिलं ते कुठं नेऊन ओतायचं? तिनं तर भांडणही अर्धं ठेवलं आणि चालती झाली.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं गाव वैनगंगेच्या काठाला होतं. आता ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आहे. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात राज्य बाईचं. आठव्या दिवशी तिनं मला पहिला धडा दिला. शेजारून वाटीभर कढी आली होती, मी वाटी धुऊन तशीच परत द्यायला निघाले. बाईनं दारातच अडवलं. "रिकामं भांडं देते का वो कोणी? भिकाऱ्याचं घर होय का आपलं?" आणि माझ्या हातातल्या वाटीत मूठभर तांदूळ टाकले. मी डी.एड. झालेली पोरगी, शेजारच्या बाईसमोर माझी शोभा झाली. पण शिकले. पुढं आयुष्यभर कोणाचं भांडं मी रिकामं परत केलं नाही, एक तिचं सोडून. ते सांगते पुढं.

गावाच्या वरच्या अंगाला एक नाला होता, त्याच्या काठानं बांबूचं बेट. त्या बांबूच्या सावलीत गुडघाभर उंचीची झुडपं उगवायची. एका ठिकाणाहून तीन-तीन पानं, लाल देठावर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुबके, पावसाळ्यात हिरवी फळं, पिकली की जांभळी-काळी. पुस्तकात तिला सर्पगंधा म्हणतात, गावात सापाची मुळी म्हणायचे. ही मुळी रक्तदाबाच्या औषधाला लागते, म्हणून बाहेरची माणसं यायची, कुदळी घेऊन, आणि पोतीच्या पोती खणून न्यायची. मुळी न्यायची म्हणजे झाडच न्यायचं, मागं काही उरत नाही. मी आले तेव्हा त्या नाल्यात बसायला जागा नव्हती इतकी झुडपं होती. माझी मुलगी शाळेत जायला लागली तोवर बोटावर मोजण्याइतकी राहिली. हे गावात सगळ्यांना दिसत होतं, पण लक्षात फक्त बाईच्या आलं. ती सरपणाला जायची आणि त्या उरलेल्या झुडपांभोवती काट्या रोवून यायची. एकदा खणणाऱ्या दोघांना तिनं विळा घेऊन पळवलं होतं. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

आता माझ्या दाराच्या चौकटीचं सांगते. माझे यजमान ग्रामपंचायतीत शिपाई होते, पण हात सुताराचा. आमच्या वाटणीच्या दोन खोल्यांना त्यांनी सागाची चौकट स्वतः बनवली. सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून कोरायचे. वरच्या पट्टीवर मधोमध धम्मचक्र, आणि दोन्ही बाजूंना पिंपळाचं एक-एक पान. उजवीकडचं पान पूर्ण झालं, डावीकडचं अर्धं झालं आणि त्यांना कावीळ झाली. पंधरा दिवसांत गेले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ते अर्धं पान तसंच राहिलं. मी शाळेतून आले की चौकटीतून आत जाताना त्याच्यावरून बोट फिरवायची, एवढंच. देव्हारा आमच्या घरात नाही, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. पण मला हात लावायला ते पान होतं.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझी नोकरी नेमकी पलीकडच्या अंगाला होती, परत भंडाऱ्यात यायला माझी वर्षं गेली. आले तर शाळा मिळाली सिहोऱ्याची. कुठं तुमसर तालुक्यातलं सिहोरा आणि कुठं पवनीकडचं आमचं गाव! तिथं खोली करून राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी यायची. मुलीला बाईनंच सांभाळलं त्या वर्षांत, तेही लिहिलं पाहिजे. लिहिलं.

गाव उठायचं ठरलं तसं जो तो आपलं घर मोडून नेऊ लागला. दारं, खिडक्या, छपराचे फाटे, कवेलू, जे निघेल ते. नवीन गावठाणात प्लॉट मिळाले होते, आमचे दोघींचे शेजारी-शेजारी. मी बाईला तीनदा सांगितलं होतं, "बाकी काही नाई आणलं तरी चालते बाई, फक्त माही चौकट आना." ती बरं म्हणाली होती. त्या आठवड्यात माझं शाळेत काहीतरी प्रशिक्षण होतं, रजा मिळाली नाही. पाणी अंदाजापेक्षा आधी चढलं. शुक्रवारी शेवटची ट्रॉली निघायची होती, ट्रॅक्टरवाला म्हणाला, एकच काहीतरी बसेल, लाकूड तरी घ्या नाही तर ती पोती तरी. पोती कसली? मातीची! बाईनं चार दिवस खपून नाल्यातल्या बांबूखालची काळी माती चौदा पोत्यांत भरली होती, आणि उरलेली नऊ झुडपं मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट, गोणपाटात बांधली होती. फॉरेस्टच्या एका मॅडमकडे तीन चकरा मारून तिनं त्याची लेखी परवानगी आणली होती. पाण्यात बुडणारच आहेत, काढा, असं मॅडमनी लिहून दिलं होतं. जंगलातलं झाड काढायचं ते फक्त त्या एका वेळी, पुन्हा कधी नाही, असंही बजावलं होतं. आणि शेवटच्या ट्रॉलीत बाईनं ती माती चढवली, नऊ झुडपं चढवली, आणि चौकट मागं ठेवली.

मी शनिवारी संध्याकाळी पोचले. बाई नवीन प्लॉटवर चिखलानं बरबटलेली उभी होती. मी आधी चौकटच शोधली. म्हटलं, "चौकट कुठं हाये?"

"राह्यली."

"राह्यली म्हणजे?"

"ट्रॉलीत जागा नोती. चौकट दुसरी होते वो, सुताराले सांगू आपन. हे झाड पान्यात गेलं तं कोन आनून देईल?"

"मंग माहा नवरा दुसरा आनून देतं का तू?"

तोवर मी बाईला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं, आणि तेच आमचं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. दुसऱ्या दिवशी मी एकटी जुन्या गावाला गेले. आमच्या गल्लीत कंबरेएवढं पाणी होतं. भिंत पडली होती आणि चौकट तेवढी उभी होती, तिच्यातून पाणी आत-बाहेर करत होतं. काठावरच्या दोन माणसांच्या मी पाया पडले. गाळात पाय फसतात म्हणून कोणी उतरलं नाही. पुढच्या रविवारी गेले तर तिथं नुसतं पाणी होतं.

काही जण मला म्हणतात, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, त्या झाडाचं महत्त्व तुम्हाला कळत नाही का? कळतं. ते झाड जगातून चाललं आहे हेही कळतं, ती बरोबर होती हेही कळतं. म्हणूनच तर अंगाची आग होते. ती चूक असती तर मी दोन वर्षांत माफ करून मोकळी झाले असते.

नवीन गावठाणात सगळा मुरूम. कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी जमीन. बाईनं आपल्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, चर खणला, त्यात ती चौदा पोती माती भरली, वरून तुराट्यांचा मांडव घातला, सावलीसाठी. नऊपैकी पाच झुडपं जगली. आधी शनिवार-रविवारी आणि रिटायर झाल्यावर रोज, मी भिंतीच्या अलीकडून सगळं पाहायची. पाहायचं नाही असं ठरवूनही दिसायचंच, काय करणार? पाणी किती घालते, केव्हा घालते, फळ कोणत्या रंगाचं झालं की तोडते. फळ सगळं तोडायची नाही, निम्म्याहून जास्त पाखरांना ठेवायची. तोडलेलं राखेत चोळून गर काढायची, मिऱ्याएवढी बी निघायची. ती वाटीभर पाण्यात टाकायची. तरंगलं ते पोचट, फेकून द्यायचं. बुडलं ते पेरायचं, आणि लगेच पेरायचं, जुनं झालं की उगवत नाही. बुडालेल्यातलंही निम्मं उगवायचं नाही. दीड-दीड महिना ती ओल्या मातीकडे बघत बसायची, जशी काही तिथून गाडीच येणार आहे.

झाडाची बातमी पसरली तशी माणसं येऊ लागली. कोणी म्हणे रोप द्या, कोणी म्हणे मुळी द्या. पंचफुलाबाईनं कोणालाही रोप दिलं नाही. बी द्यायची, तेही मोजून. "उगवून दाखवा, मंग या." एकदा पवनीचे एक साहेब गाडी घेऊन आले, त्यांच्या बंगल्यात शोभेला पाहिजे होतं. त्यांनाही दहा बिया पुडीत बांधून दिल्या. साहेब चिडले. बाई म्हणाली, "आयतं देलं तं तुमी उद्या मुळी उपटान. ज्यानं दोन महिने मातीकडं पाह्यलं, थो नाई उपटत." तिचं हेच एक शास्त्र होतं. मुळी मात्र कोणालाच नाही, मरत असला तरी नाही. जी रोपं जास्त व्हायची ती आषाढात फॉरेस्टच्या मॅडमसोबत जाऊन टेकडीमागच्या बांबूत लावून यायची. कंबर मोडेपर्यंत करायची आणि मग रात्रभर कण्हायची, तेही मला ऐकू येईल असं.

आणि वाटी. तिसऱ्या वर्षापासून दसऱ्याच्या आसपास एक वाटी भिंतीवर यायला लागली. स्टीलची, तिच्यावर तिचं नाव कोरलेलं, तळाशी पाणी आणि पाण्यात वीस-बावीस बिया. काही बोलणं नाही, हाक नाही. वाटी ठेवायची आणि आत जायची. मी काय समजायचं ते समजले. मी ती वाटी मोरीत ओतायची, धुवायची आणि रिकामी, कोरडी ठणठणीत, परत भिंतीवर ठेवायची. जिनं मला शिकवलं होतं की भांडं रिकामं देऊ नये, तिलाच! तिला ते बरोबर कळायचं. संध्याकाळच्या आत वाटी उचलून न्यायची, एक शब्द न बोलता. पुढच्या वर्षी पुन्हा वाटी. अशी नऊ वर्षं. हट्टाला हट्ट म्हणतात तो असा.

चार वर्षांपूर्वी मला रक्तदाब निघाला. मी काही गोळ्या नियमानं घेणारी नाही. एक दिवस डोकं फार दुखत होतं तेव्हा भिंतीजवळ जाऊन कोंबड्यांना म्हटलं, "दुनियेचं औषध दारात लावून ठेवलं, अन् घरच्या मानसाले मुळीचा तुकडा नाई निघत." पलीकडून कोंबड्यांनाच उत्तर आलं. "मुळी भेटनार नाई म्हनावं. किती जोर हाये तिच्यात, कोनाले ठाऊक? मानूस झोपते तं उठत नाई. डाक्टरच्या गोळ्या खाय म्हनावं!" त्या दिवसापासून रोज सकाळी खुराडं उघडलं की पहिला प्रश्न कोंबड्यांना, "गोळी घेतली का वो?" मी उत्तर देणार नाही म्हटल्यावर पुन्हा, मोठ्यानं. गल्लीतली माणसं हसायची. शेवटी मी गोळ्यांचं पाकीट भिंतीजवळ नेऊन कडकड वाजवायची, मग ती गप्प बसायची. चार वर्षं मला एक गोळी चुकवू दिली नाही त्या बाईनं. इतका छळ!

आता पुण्यानुमोदनाचं, म्हणजे तिच्या मागच्या कार्याचं. प्रशांतनं सगळं थाटात केलं. मंडप, खुर्च्या, भंतेजी, खीर, आणि दाराशी फ्लेक्स. त्यावर बाईचा फोटो आणि मोठ्या अक्षरात 'वृक्षमाता'. मी आदल्या दिवशी तपासणीसाठी पवनीला गेले होते, संध्याकाळी उशिरा आले आणि पडले. सकाळी मंडपात गेले तर स्टेजच्या बाजूला काळ्या पिशव्यांची रांग. प्रत्येक पिशवीवर बाईच्या फोटोचं स्टिकर आणि आत... मी जवळ जाऊन पाहिलं. तीच झुडपं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. प्रशांतनं आणि त्याच्या मित्रांनी सांदवाडी कुदळीनं खणून सगळी उपटली होती, आठवण म्हणून पाहुण्यांना वाटायला. ज्या बाईनं जन्मभर कोणाला एक रोप आयतं दिलं नाही, तिच्या नावानं तिचीच झाडं फुकट! त्या झाडाची मुळी हात-हातभर खोल जाते. पिशव्या वीतभर. खालचं सगळं तोडलेलं होतं.

भाषणं चालू होती. कोणी म्हणे त्या झाडांशी बोलायच्या. काही नाही, शिव्या द्यायच्या. माझ्या पुढच्या खुर्चीवरचा एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन शेजाऱ्याला विचारत होता, "याची मुळी बीपीले चालते म्हणते ना?" आणि माझं डोकं फिरलं. मी उठले आणि भंतेजींसमोर, शेदोनशे माणसांसमोर, प्रशांतला म्हटलं, "कोणी सांगितलं तुले हे? कोणी?" तो गोंधळला. "काकू, आई गेली, मी नागपूरले राहतो. इथं पाहनार कोन? लोकांच्या घरी गेलं तं जगतीन तरी."

"काहून, मी मेली होती का?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. प्रशांत हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही तं तिच्याशी बोलत पन नव्हत्या." मी खाली बसले. पिशव्या वाटल्या गेल्या. एक माझ्याही हातात दिली. वर बाईचा फोटो, हसरा. तो फोटो काढताना ती हसली होती हेच मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. गावातल्या गावात अकरा पिशव्या गेल्या होत्या, त्या आधी. दारात उभी राहून म्हणायची, "ते झाड द्या परत." लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं सरकलं. एकीनं गच्चीवर भर उन्हात ठेवलं होतं, एकाचं बकरीनं खाल्लं होतं. एकजण म्हणाला, "मॅडम, दिलेली वस्तू परत मागते का कोणी?" मी म्हटलं, "देणारीनं दिलीच नव्हती." भांडून आणली. बाहेरगावची यादी प्रशांतकडून घेतली. पवनीला गेले, भंडाऱ्याला गेले, एसटीनं कारध्यापर्यंत जाऊन दोन पिशव्या मांडीवर घेऊन आले. तो मंडपातला गृहस्थ मात्र माझ्याआधी मुळीपर्यंत पोचला होता. मुळी उकळून सासऱ्याला पाजली होती, म्हातारा चक्कर येऊन पडला, दोन दिवस दवाखान्यात होता. वाचला, नशीब. त्याच्या दारात मी जे बोलले ते पुरवणीत छापता येणार नाही. सगळी मिळून पंधरा झाडं परत आली. माझी एक धरून सोळा. त्या चरात, त्याच मातीत, जिच्यापायी माझी चौकट बुडाली, मी स्वतःच्या हातानं ती लावली. आज सहा जिवंत आहेत. बाकीची वाळली.

ही सेवा वगैरे नाही. कोणी तसं म्हटलं तर मला राग येतो. माझ्या चौकटीच्या बदल्यात आणलेली झाडं होती ती, माझी किंमत मोजून आणलेली. ती अशी स्टिकर लावून उडवायला मी काय दूधखुळी आहे?

प्रशांत घराला कुलूप लावून निघाला तेव्हा कोंबड्या मला देऊन गेला, आणि एक वाटी. "काकू, ओट्यावर होती, ताटलीनं झाकून. काय आहे कोणास ठाऊक." मला ठाऊक होतं. दसऱ्याला चार दिवस राहिले असताना ती गेली होती. पाणी सुकलं होतं, बिया तळाला चिकटल्या होत्या. मी वाटी घेऊन मोरीपर्यंत गेले, सवयीनं. मग परत आले आणि तिच्यात पाणी ओतलं. तिचंच पाहून शिकलेली, म्हटलं, आधी पोचट काढू आणि मग ठरवू काय करायचं ते. थांबले. बोटानं ढवळलं. पुन्हा थांबले. एकही बी वर आली नाही. बावीसच्या बावीस तळाला. म्हणजे मला द्यायच्या आधीच ती निवडायची. पोचट सगळं काढून टाकायची आणि फक्त बुडालेलं भिंतीवर ठेवायची. दरवर्षी. आणि नऊ वर्षं मी ते मोरीत ओतलं... मी तिथंच ओट्यापाशी खाली बसले आणि खूप रडले. तिला शिव्या देत रडले. सांगता येत नव्हतं का तोंडानं? एवढी कोंबड्यांशी बोलायची!

बिया पेरल्या आहेत. ती जशी लावायची तशाच, मांडवाच्या सावलीत, तिच्याच काळ्या मातीत. थंडी पडायला लागली आहे, उगवतील की नाही माहीत नाही. रोज सकाळी साडेपाचला खुराडं उघडायला उठावं लागतं, तेव्हा पाहते. अजून काही नाही. गोळीचं कोणी विचारत नाही, दोन दिवस चुकली.

परवा वाटी घासली, पुसली. शेजारच्या शेतातून नवं धान निघालं आहे, त्याचे तांदूळ घरात आले होते. मूठभर वाटीत टाकले आणि वाटी भिंतीवर ठेवली. मी रिकामी ठेवायची तेव्हा ती संध्याकाळच्या आत उचलून न्यायची. यंदा भरून ठेवली, तर आज तिसरा दिवस. वाटी तिथंच आहे. कोंबड्या उडून भिंतीवर बसतात, दाणे टिपतात, मी हाकलत नाही. आज सकाळी त्यांनाच म्हटलं, "सांगा वो तिले, यंदा रिकामी नाई देली म्हनावं. ने म्हनावं आता आपली वाटी."